मूल 'ऐकत' नाही तेव्हा...

"डॉक्टर, हा अजून बोलत नाही हो." दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन आलेली आई काकुळतीने सांगत होती. सोबत आलेल्या आजीने लगेच तिला गप्प केले. "काही नाही डॉक्टर, ह्याचा चुलतासुद्धा चार वर्षांनी बोलला. आता बोलतो तर थांबत नाही! हिलाच उगाच घाई."

ही गोष्ट १९९७ सालची. दवाखाना सुरू करून मला जेमतेम दोन वर्षे झाली होती. मुलगा गुटगुटीत, डोळे चमकदार, वेळेवर बसलेला, वेळेवर चाललेला. मी त्याच्या मागे उभा राहून टेबलावर हात आपटला. त्याने चटकन वळून पाहिले. "ऐकू छान येते आहे. बोलेल हळूहळू," असे म्हणून मी एक टॉनिक लिहून दिले. आजी खूश झाली. आई काही न बोलता निघून गेली.

वाचकहो, त्या दिवशी चुकलो मी. टेबल त्या मुलाच्या पाठीला टेकलेले होते. त्याने आवाज ऐकला नव्हता, टेबलाचा हादरा त्याला जाणवला होता. तो मुलगा जन्मापासून दोन्ही कानांनी जवळजवळ पूर्ण बहिरा होता, हे निदान झाले तेव्हा त्याला साडेचार वर्षे पूर्ण होत आली होती. या लेखापुरते आपण त्याला बाळू म्हणू. बाळूची गोष्ट सांगायला मला त्याने आणि त्याच्या घरच्यांनी परवानगी दिली आहे. ती सांगण्याचे कारण असे, की बहिरेपणाने बाळूचे जेवढे नुकसान केले, त्यापेक्षा कितीतरी जास्त आम्ही सगळ्यांनी मिळून केले. त्यात त्याचे घर आले, गाव आले आणि मीही आलो.

मुकेपणा गळ्यात नसतो

आपल्याकडे सर्रास 'मुका' हा शब्द वापरतात. वास्तविक अशा बहुतेक मुलांचा गळा, स्वरयंत्र, जीभ हे सारे अगदी ठणठणीत असते. मूल भाषा शिकते ती ऐकून. जे कधी कानावर पडलेच नाही, ते तोंडातून येणार कसे? तेलुगू कधीच न ऐकलेल्या माणसाला तेलुगू येत नाही, म्हणून आपण त्याला मुका म्हणतो का? म्हणूनच 'मूकबधिर' हा शब्द मागे पडून आता 'कर्णबधिर' हा शब्द वापरला जातो. हा केवळ शब्दांचा खेळ नाही. 'मुका' म्हटले की घरचे जिभेवर उपचार करीत बसतात आणि कान तपासायचा राहून जातो.

बाळूचेही तेच झाले. कोणी सांगितले, वेखंड उगाळून चाटवा. चाटवले. कोणी म्हणाले, पोपटाने उष्टावलेला पेरू खायला द्या. तोही शोधून आणून दिला. एकाने जिभेखालची तार तोडून आणायला लावली. दोन नवस झाले, एका देवऋषाकडे तीन अमावास्या झाल्या. शेवटी सारा दोष आईवर आला. पोटुशी असताना हिने ग्रहण पाळले नाही, विळीवर भाजी चिरली, असे शेजारपाजारच्या बायका तिच्या तोंडावर म्हणू लागल्या. या धावपळीत अडीच वर्षे गेली. भाषा शिकण्याच्या दृष्टीने मेंदूची पहिली चार-पाच वर्षे सोन्यासारखी असतात. त्यातली निम्मी अशी गेली.

खरी कारणे वेगळी असतात, ती समजून घेऊ. जन्मतः तीव्र बहिरेपण हजार बालकांमागे किमान एक-दोघांत तरी आढळते. त्यात आनुवंशिक कारणांचा वाटा मोठा आहे. गरोदरपणी आईला झालेला रुबेला म्हणजे जर्मन गोवर, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताच गुदमरणे, नवजात बालकाची वाढलेली कावीळ, मेंदूज्वर आणि जेंटामायसिनसारखी काही इंजेक्शने ही इतर कारणे. यांपैकी रुबेला तर लशीने टाळता येतो. बाळाला नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती चुकवू नका.

आनुवंशिक म्हटले की लोक चटकन म्हणतात, "आमच्यात कुणीच बहिरे नाही." कर्णबधिर मुलांपैकी दहात नऊहून अधिक मुलांचे आईवडील चांगले ऐकणारेच असतात. पुष्कळदा हा दोष सुप्त असतो. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन सदोष जनुक एकत्र आले, तरच मूल बहिरे होते. नात्यातल्या लग्नात अशी गाठ पडण्याचा संभव वाढतो. बाळूची आई ही त्याच्या वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे कित्येक घरांत आहे. तिच्यात पाप नाही, पण धोका आहे. तो ठाऊक असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

जिथे बहिरेपण कुणाला खुपत नव्हते

आता एका वेगळ्याच गावाची हकिकत सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, मॅसॅच्युसेट्स राज्यात, मार्थाज् व्हिनयार्ड नावाचे एक बेट आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधून काही कुटुंबे तिथे येऊन स्थायिक झाली. त्यांच्यापैकी काहींत बहिरेपणाचा असाच सुप्त दोष होता. बेटावरचे लोक पिढ्यान् पिढ्या आपापसांतच लग्ने करीत राहिले. परिणाम असा झाला, की एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सरासरी सुमारे ५,७०० माणसांत एक जन्मजात बहिरा असे, तर या बेटावर १५५ माणसांत एक. चिलमार्क नावाच्या तिथल्या एका गावात तर पंचविसात एक!

मग त्या गावाने काय केले? बहिऱ्यांना लपवले नाही, की वेगळे काढले नाही. सगळे गावच हातांनी बोलायला शिकले. ऐकणारी मुले आईच्या भाषेबरोबरच खुणांची भाषा शिकत. दुकानात चार माणसे बसली आणि त्यात एक बहिरा असला, की बाकीचे बोलता बोलता हातही चालवत. समुद्रावर दोन होड्यांमधून ओरडून ऐकू येत नसे, तेव्हा ऐकणारे कोळीसुद्धा याच भाषेत बोलत. बहिरी माणसे इतरांसारखीच लग्ने करीत, मासेमारी-शेती करीत, गावकीच्या कामात भाग घेत.

नोरा एलन ग्रोस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना भेटून या साऱ्याचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९८५ साली प्रसिद्ध झाले. जुन्या लोकांना त्या अमक्या-तमक्याबद्दल विचारीत, तेव्हा तो उत्तम कोळी होता, असे काहीतरी लोक आधी सांगत. तो बहिरा होता हे विचारल्यावर आठवे! पुढे बेटावरचे लोक बाहेर लग्ने करू लागले, बहिरेपण कमी होत गेले आणि त्या परंपरेतली शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ साली वारली.

त्या लोकांचे कान बाळूच्या कानांपेक्षा चांगले नव्हते. फरक होता तो आजूबाजूच्या माणसांत. शरीरातली उणीव ही एक गोष्ट झाली. त्या उणिवेमुळे माणसाचे किती अडावे, हे मात्र बरेचसे भोवतालचे लोक ठरवतात. चष्म्याचे उदाहरण घ्या. माझ्यासह निम्म्या गावाला चष्म्याशिवाय पेपर वाचता येत नाही, पण आम्हाला कोणी अपंग म्हणत नाही. तेच कानाला यंत्र लावले, की लोक वळून वळून बघतात. त्या लाजेपायी कित्येक आजोबा आपले यंत्र कपाटात ठेवून देतात आणि घरात एकटे पडतात.

हात बांधून ठेवण्याची चूक

शिकल्यासवरलेल्यांचेही चुकले आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. १८८० साली इटलीतील मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. बहिऱ्या मुलांना फक्त तोंडाने बोलायला शिकवावे, खुणांची भाषा शाळेतून काढून टाकावी, असा ठराव तिथे झाला. त्याचा परिणाम जगभर, आपल्याकडेही, शंभर वर्षे टिकला. कितीतरी मुलांना हात हलवले म्हणून शिक्षा झाल्या. ज्यांना बोलणे साधले नाही, त्यांच्याकडे ना बोली राहिली ना खुणा. याच परिषदेच्या परंपरेतील व्हँकुव्हर येथील परिषदेने २०१० साली ते जुने ठराव फेटाळले आणि झाल्याबद्दल खेद व्यक्त केला. १३० वर्षांनी!

आजही पालक मला विचारतात, "खुणा शिकवल्या तर तो बोलायचा आळस करील ना?" असे होत नाही. मुलाच्या मेंदूला त्या कोवळ्या वयात कुठली तरी पूर्ण भाषा मिळणे महत्त्वाचे. एक भाषा पक्की झाली, की दुसरीचा पाया होतो. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने तिचा दहा हजार शब्दांचा कोश केला असून तो २०२१ पासून सर्वांना पाहायला खुला आहे. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ दिसतात. घरबसल्या रोज पाच शब्द शिकायला काय हरकत आहे?

बाळू सहाव्या वर्षी निवासी शाळेत गेला आणि तिथे मुलांकडून भराभर खुणा शिकला. दिवाळीत घरी आला, तो सांगायच्या गोष्टींनी भरून आला. पण ऐकायला कोणी नव्हते. वडिलांना 'ये, जा, जेव' यापलीकडे काही येत नव्हते. शिकला कोण? त्याची धाकटी बहीण. ती त्याच्याजवळ बसून खेळता खेळता शिकली.

तो तेरा वर्षांचा असताना आजी गेली. त्याला तीन दिवसांनी शाळेतून आणले. दारात चपलांचा ढीग, ओट्यावर हार घातलेला फोटो. आजी गेली, एवढे त्याला कळले. पण कशाने, केव्हा, तिला त्रास झाला का, हे तो एकेकाला धरून विचारत होता. मोठी माणसे त्याच्या पाठीवर हात फिरवत आणि तोंड फिरवत. मी भेटायला गेलो होतो, मीही तेच केले. शेवटी दहा वर्षांच्या बहिणीने त्याला कोपऱ्यात नेऊन हातांनी सांगितले. रात्री, झोपेत, छातीत दुखून, एकदम. मग तो रडला. तोवर त्याला रडताही आले नव्हते. तेरा वर्षांच्या मुलाला त्याच्या आजीचे मरण घरात सांगू शकेल असे एकच माणूस होते, तेही दहा वर्षांचे. याला बहिरेपण जबाबदार, की आम्ही?

पाहुणे येणार म्हणून

पुढे बहिणीचे लग्नाचे वय झाले. पाहुणे बघायला यायचे ठरले, की वडील बाळूला मळ्यात पाठवीत. "स्थळ मोडेल," हे त्यांचे म्हणणे. वडिलांना दोष देणे सोपे आहे. अंधार पडेपर्यंत मुलगा मळ्यात बसला आहे, हे त्यांनाही टोचत होतेच. परंतु मुलीचे लग्न आणि मुलाचा मान यांपैकी एकच निवडा, अशी वेळ त्यांच्यावर गावानेच आणली होती. 'त्या घरात मुका आहे' हे वाक्य चहा पिता पिता कोण बोलते? आपणच ना?

एके दिवशी मुलीने सांगितले, "दादा घरात नसेल तर मी पोहे घेऊन बाहेर येणार नाही." पहिले स्थळ त्यावरून गेले, दुसरेही गेले. तिसऱ्या स्थळाकडच्या मंडळींनी मात्र एक शहाणपणाचे काम केले. मुलाचे वडील थेट माझ्या दवाखान्यात आले आणि स्पष्ट विचारले, "डॉक्टर, हिची मुले बहिरी होतील का?"

या प्रश्नाचे उत्तर सर्वांनाच उपयोगी आहे. बाळूचा दोष सुप्त आनुवंशिक आहे असे धरले, तर त्याच्या ऐकू येणाऱ्या बहिणीत त्याचा एक जनुक असण्याचा संभव तीनात दोन इतका असतो. परंतु मूल बहिरे व्हायला नवऱ्याकडूनही तसाच जनुक यावा लागतो. मुलगा नात्याबाहेरचा असेल, तर ही शक्यता फार थोडी. म्हणजे ज्या मुलीला बाहेरचे लोक नाकारत होते, तिच्याकरिता बाहेरचेच स्थळ योग्य होते. धोका होता तो नात्यातल्या स्थळात, आणि नात्यातले एक स्थळ तर तयारच होते! मी हे कागदावर चार चौकोन काढून समजावले. ज्यांना अधिक खात्री हवी त्यांनी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञाचा सल्ला व रक्ताची तपासणी करून घ्यावी, हेही सांगितले. ते लग्न झाले. अक्षता वाटायला बाळू होता.

पालकांनी काय पाहावे?

आता कामाचे सांगतो. कात्रण काढून ठेवलेत तरी चालेल.

जन्मलेले बाळ मोठ्या आवाजाने दचकते. चार ते सहा महिन्यांत आवाजाच्या दिशेने मान वळवते. नऊ-दहा महिन्यांत स्वतःच्या नावाला प्रतिसाद देते, 'बाबाबा, दादादा' असे बोल काढते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांचे होता होता 'आई ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची जोडी. यात मूल मागे पडत असेल, तर 'ह्याचा चुलताही उशिरा बोलला' म्हणून स्वस्थ बसू नका.

एक फसगत लक्षात ठेवा. बहिरे बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देते, हसते, रडते. पुढे बोल वाढण्याऐवजी कमी होत जातात. दुसरी फसगत माझ्या टेबलाची. थाळी आपटणे, दार आपटणे, पाठीमागे टाळी वाजवणे या घरगुती परीक्षांवर विसंबू नका. मूल हादऱ्याने, वाऱ्याच्या झुळकीने, सावलीने किंवा आईच्या नजरेवरूनही वळते.

कान तपासण्याची यंत्रे आता आहेत. 'ओएई' ही तपासणी काही मिनिटांत होते, बाळाला टोचावे लागत नाही. तिच्यात शंका आली, तर 'बेरा' ही मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो का हे पाहणारी तपासणी करतात. झोपलेल्या बाळावरही ती होते. सूत्र सोपे आहे: एक महिन्याच्या आत पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय सुरू. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे.

उपाय म्हणजे योग्य श्रवणयंत्र. तेवढ्याने भागत नसेल, तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया. पात्र लहान मुलांसाठी तिला सरकारी योजनांतून मदत मिळते. वय जितके कमी, तितका फायदा अधिक. मात्र शस्त्रक्रिया झाली आणि मूल दुसऱ्या दिवशी बोलू लागले, असे होत नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षे वाचा-उपचार आणि घरच्यांची रोजची मेहनत लागते. ज्यांना हे साधत नाही किंवा वय उलटून गेले आहे, त्यांच्यासाठी सांकेतिक भाषा हा तितकाच मानाचा मार्ग आहे.

अपंगत्वाच्या दाखल्यालाही लाजू नका. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यात ऐकण्याचा दोष असलेले सुमारे ५० लाख. घरात लपवलेले किती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व मानले होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. चाळीस टक्के व त्याहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत. दाखला म्हणजे कपाळावरचा डाग नव्हे, तो हक्काचा कागद आहे.

जेवणाआधी की नंतर?

बाळूला आता तिशी आली. त्याने आयटीआय केले आणि तो एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. मित्रांशी व्हिडिओ कॉलवर हातांनी गप्पा मारतो. त्या गप्पा बघण्यासारख्या असतात. साडेचार वर्षांपर्यंत भाषाच न मिळाल्याने त्याचे मराठी वाचन मात्र कच्चे राहिले. त्यातला काही वाटा माझ्या टॉनिकच्या चिठ्ठीचा आहे, हे मी त्याच्या आईजवळ कबूल केले. ती एवढेच म्हणाली, "मला तेव्हाच वाटत होतं. पण मला कुणी विचारलं नाही." वाचकहो, आई 'काहीतरी वेगळे आहे' म्हणते, तेव्हा तिचे आधी ऐका. हा धडा मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही.

गेल्या महिन्यात तो आम्लपित्ताची तक्रार घेऊन आला. सोबत सहा वर्षांची भाची होती. मी चिठ्ठी लिहिली, नेहमीप्रमाणे मोठ्याने ओरडून सांगू लागलो. (बहिऱ्या माणसाशी ओरडून बोलण्याची आपली सवय काही जात नाही!) त्याने हसून मला थांबवले आणि हातांनी काही विचारले. मला कळले नाही. भाची म्हणाली, "डॉक्टर आजोबा, मामा विचारतोय, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?"

मग तिनेच मला 'आधी' कसे दाखवायचे ते शिकवले. मी दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा जमले. बाळूने मान हलवली, चिठ्ठी खिशात घातली आणि पुढचा रुग्ण आत आला.

आता रोज दवाखाना उघडण्यापूर्वी मी पाच खुणा शिकतो. बाळूसारखे या तालुक्यात आणखी आहेत, पण ते आपल्या दवाखान्यांत, दुकानांत, बँकांत फारसे दिसत नाहीत. आपल्या गल्लीत, आपल्या नात्यात असे एखादे मूल असेल, तर त्याच्या घरी जाऊन या. 'काही उपाय केला का?' असे विचारण्याआधी त्याच्याशी एकदा बोलून पाहा. हातांनी, डोळ्यांनी, जमेल तसे.